ब्राउझरची दुरुस्ती : आजच का?

(संस्थेच्या वर्धापनदिनी विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





विषयाचे नाव ऐकून मागच्या रांगेत थोडी कुजबुज झाली, ती आमच्या कानावर आली. विहाराच्या व्यासपीठावरून ब्राउझरची चर्चा कशासाठी, असा तो प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर खालच्या मजल्यावरील आपल्या अभ्यासिकेत आहे. प्रवेशाच्या दिवसांत तेथे पाय ठेवायला जागा नसते. कोणी महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरत असतो, कोणी सीईटीचा, कोणी एमपीएससीचा, कोणी बार्टीच्या योजनेचा. आधार क्रमांक, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते, मोबाइलवर आलेला ओटीपी हे सारे एकाच प्रोग्रॅममधून पलीकडे जाते, आणि तो प्रोग्रॅम म्हणजे ब्राउझर. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. तिच्यामागे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असलेल्या बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. ते हक्काचे पैसे ज्या दारातून आज आपल्या मुलांपर्यंत येतात, त्या दाराची कडी नीट आहे की नाही हे पाहणे संस्थेचे काम आहे, अशी आमची धारणा आहे. म्हणून हा विषय.

संकेतस्थळे उघडून दाखवणारा प्रोग्रॅम म्हणजे ब्राउझर. क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी ही त्यांची परिचित नावे. १९९० साली स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी पहिला ब्राउझर लिहिला, तेव्हा त्याचे काम मुख्यतः मजकूर दाखवण्याचे होते. आपल्या देशात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्यानंतर ब्राउझरची कामे वाढतच गेली. आज तो चित्रपट दाखवतो, गाणी वाजवतो, पीडीएफ उघडतो आणि मुख्य म्हणजे संकेतस्थळाने पाठवलेला प्रोग्रॅम आपल्या संगणकावर चालवतो. हे शेवटचे वाक्य नीट ध्यानात घ्यावे. परका माणूस आपल्या घरी येतो आणि आपल्याच चुलीवर, आपल्याच भांड्यांत स्वयंपाक करतो, असाच तो प्रकार आहे. हा पाहुणा स्वयंपाकघराबाहेर जाऊ नये, कपाटाला हात लावू नये, यावर पहारा ठेवणे हे ब्राउझरचे काम. परंतु हा पहारेकरीसुद्धा माणसांनीच लिहिलेला आहे. त्याच्या कोट्यवधी ओळी आहेत, आणि इतक्या ओळी लिहिताना कोठेतरी उणे राहतेच.

उणे राहते म्हणजे नेमके काय होते? वहीत दहा ओळींची जागा आखून दिली आणि लिहिणाऱ्याने बारा ओळी लिहिल्या, तर शेवटच्या दोन ओळी शेजारच्याच्या जागेत घुसतात. त्या शेजारच्या जागेत संगणकाने पुढे काय करायचे याची सूचना लिहिलेली असेल, तर ती पुसली जाऊन तेथे चोराची सूचना बसते. संगणक आज्ञाधारक असतो. जे लिहिले आहे ते तो करतो. गुगलने २०२० साली स्वतःच जाहीर केले की, क्रोममध्ये आढळलेल्या गंभीर सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष संगणकाच्या स्मृतीची जागा अशी चुकीची हाताळल्याने झालेले होते.

एक घडलेले उदाहरण घेऊ. वेबपी नावाचा चित्र साठवण्याचा एक प्रकार आहे. चित्र कमी जागेत मावते, म्हणून तो सर्वत्र रूढ झाला. ते चित्र उलगडून दाखवणारा लिबवेबपी हा प्रोग्रॅमचा तुकडा क्रोम, फायरफॉक्स, एज अशा अनेकांनी आपापल्या पोटात घेतलेला होता. चित्र उलगडताना एक कोष्टक तयार करावे लागते आणि त्यासाठी ठराविक जागा राखून ठेवलेली असते. ती जागा अपुरी पडेल असे मुद्दाम बिघडवलेले चित्र बनवता येते, हे कोणाच्या तरी ध्यानात आले. म्हणजे पाहा, काही उतरवून घ्यायचे नाही, कोठे होय म्हणायचे नाही, पासवर्ड द्यायचा नाही. ज्या पानावर ते चित्र आहे ते पान नुसते उघडायचे. अ‍ॅपल कंपनीचा सुरक्षा विभाग आणि कॅनडातील टोरांटो विद्यापीठाची सिटिझन लॅब यांनी ६ सप्टेंबर २०२३ रोजी हा दोष गुगलला कळवला. ११ सप्टेंबरला क्रोमची दुरुस्ती आली आणि दुसऱ्या दिवशी फायरफॉक्सची. या दोषाचा प्रत्यक्ष उपयोग केला जात आहे, हेही गुगलने त्याच वेळी सांगितले. त्याच सुमारास, एका नागरी संस्थेत काम करणाऱ्या व्यक्तीच्या आयफोनवर पेगॅसस हा हेरगिरीचा प्रोग्रॅम उतरवण्याचा प्रयत्न झाल्याचे सिटिझन लॅबने उघड केले. तेथेही हत्यार म्हणून बिघडवलेले चित्रच वापरले होते. सामाजिक काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी ही गोष्ट दुसऱ्यांची म्हणून सोडून देऊ नये.

पाच दिवसांत दुरुस्ती आली, हे कौतुकास्पद आहे. परंतु दुरुस्ती निघाली म्हणजे धोका टळला, असा जो समज आहे तो चुकीचा आहे, आणि आमच्या आजच्या भाषणाचा सारा भर याच मुद्द्यावर आहे. दुरुस्ती निघते त्या दिवसापासून, ती न घेणाऱ्याचा धोका वाढतो.

हे असे का होते? दोष गुप्त असतो तोवर तो मोजक्या लोकांना ठाऊक असतो, आणि ते लोक तो जपून, मोठ्या सावजासाठी वापरतात. दुरुस्ती निघाली की जुनी प्रत आणि नवी प्रत शेजारी शेजारी ठेवून कोणत्या ओळी बदलल्या हे जाणकाराला पाहता येते. ज्या ओळी बदलल्या, तेथेच भोक होते. क्रोमचा मूळ मजकूर तर क्रोमियम या नावाने सर्वांना वाचण्यासाठी खुला आहे. तेथे झालेली दुरुस्ती आपल्या संगणकावर पोचण्याआधीच जगाला दिसू शकते. अमुक बनावटीच्या कुलपात खोट निघाली आहे, सर्वांनी बदलून घ्यावीत, अशी गावात दवंडी पिटली तर ती चोरसुद्धा ऐकतो. ज्याने कुलूप बदलले तो सुटला. न बदलणाऱ्याच्या घरावर मात्र आता कोणताही भुरटा चोर हात मारू शकतो.

ही मधली मुदत कमी करणे, हीच ब्राउझर बनवणाऱ्यांची धडपड आहे. क्रोममध्ये दोष दुरुस्त होणे आणि ती दुरुस्ती लोकांपर्यंत जाणे यांत पूर्वी सरासरी ३५ दिवस जात. पुढे ते १५ दिवसांवर आले. ऑगस्ट २०२३ पासून गुगलने सुरक्षेच्या दुरुस्त्या दर आठवड्याला देण्याचे ठरवले. कंपनीने आपल्या बाजूचे दिवस असे कमी केले. आपल्या बाजूचे दिवस कमी करणे मात्र आपल्याच हाती आहे. हे दिवस वाढले म्हणजे काय होते, ते २०१७ साली दिसले. ते उदाहरण ब्राउझरचे नाही, खुद्द विंडोजचे आहे, पण न्याय तोच. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती दिली. १२ मे रोजी वॉनाक्राय हा खंडणी मागणारा प्रोग्रॅम जगभर पसरला आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. मध्ये जवळजवळ दोन महिने होते. ज्यांनी त्या काळात दुरुस्ती बसवून घेतली, त्यांच्या संगणकांत त्या भोकातून तो शिरू शकला नाही.

संगणकतज्ज्ञ या दुरुस्तीला पॅच म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ. आपल्या परंपरेला ठिगळाची लाज कधीच नव्हती. भिक्खूंचे चीवर मुळातच तुकडे जोडून शिवलेले असते. मगधातील बांध घातलेल्या भातशेतीसारखी त्याची रचना आनंदाने केली, असे विनयात सांगितले आहे. चीवर फाटले तर ठिगळ लावण्याची मुभाही तेथे आहे. ठिगळ लागले म्हणून वस्त्र हलके ठरत नाही. तेव्हा ब्राउझरला सारख्या दुरुस्त्या येतात म्हणून तो भिकार, असे समजू नये. उलट ज्या ब्राउझरला महिनोन् महिने एकही दुरुस्ती येत नाही, त्याच्याकडे संशयाने पाहावे.

यावर एक आक्षेप हमखास येतो. आमच्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय? आम्ही नम्रपणे विचारतो, शिष्यवृत्तीचा हप्ता खात्यात जमा होतो तो कोणाचा? ज्या घरात तीन हजार रुपये ही महिन्याची जुळणी आहे, तेथे तीन हजार जाणे हे श्रीमंताचे तीन लाख जाण्यापेक्षा मोठे नुकसान आहे. शिवाय चोराला दर वेळी पैसेच हवे असतात असे नाही. त्याला दुसऱ्याच्या नावाचे बँक खाते हवे असते, ज्यातून लुटीची रक्कम फिरवता येईल. मग पोलिसांची नोटीस येते ती खातेदाराच्या घरी. सरकारी नोकरीची तयारी करणाऱ्या मुलाला अशी एक नोटीस किती महाग पडेल, याचा विचार पालकांनी करावा.

लोक मागे का राहतात, याचाही न्यायबुद्धीने विचार केला पाहिजे. सगळाच आळस नसतो. इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ साली आली. प्रतिस्पर्धी उरला नाही म्हणून की काय, पुढची आवृत्ती यायला २००६ उजाडले. त्या पाच वर्षांत कचेऱ्यांनी, बँकांनी आपले सारे काम त्याच एका आवृत्तीवर बेतले. दक्षिण कोरियात तर १९९९ नंतर बँकेचे व्यवहार अ‍ॅक्टिव्हएक्स या तंत्राशी बांधले गेले, आणि ते तंत्र फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चाले. देश पुढारलेला, पण ब्राउझर बदलायची सोय नाही. आपल्याकडेही अनेक सरकारी संकेतस्थळांच्या तळाशी ‘इंटरनेट एक्सप्लोररमध्येच पाहा’ अशी सूचना असे, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. परिणाम काय झाला? १२ जानेवारी २०१० रोजी गुगलने जाहीर केले की आपल्यावर हल्ला झाला. त्यात इंटरनेट एक्सप्लोररमधील दोष वापरला होता, हे मायक्रोसॉफ्टने मान्य केले. जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी यंत्रणांनी तर तूर्त दुसरा ब्राउझर वापरा असेच लोकांना सांगितले. दुरुस्ती आली २१ जानेवारीला. पुढे मार्च २०११ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनेच सहावी आवृत्ती सोडा म्हणून मोहीम काढली, आणि १५ जून २०२२ रोजी तो ब्राउझर निवृत्त झाला. ज्या कचेरीने लोकांना जुन्या आवृत्तीला बांधून ठेवले तिला कोणी जबाबदार धरले नाही, ही त्यातली खेदाची बाब.

आता कृतीकडे येऊ. क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यात वर तीन टिंबे दिसतात. त्यांवर क्लिक करून ‘मदत’ आणि मग ‘गुगल क्रोमविषयी’ हे पान उघडावे. पान उघडताच ब्राउझर स्वतःच नवी दुरुस्ती शोधतो आणि उतरवून घेतो. फायरफॉक्स आणि एजमध्येही मेनूतील ‘मदत’ या भागातच अशी सोय आहे. येथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दुरुस्ती उतरली तरी ब्राउझर बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय ती लागू होत नाही. आपली मुले वीस-वीस टॅब उघडे ठेवून पंधरा-पंधरा दिवस ब्राउझर बंदच करीत नाहीत. दुरुस्ती दाराशी येऊन बसलेली असते आणि आत मात्र जुनाच कारभार चालू असतो. मात्र अर्ज अर्धा भरलेला असताना हे करू नये, भरलेला मजकूर जाण्याचा संभव असतो. आधी अर्ज पूर्ण करून जतन करावा, पावती घ्यावी, मग ब्राउझर बंद करावा.

नेट कॅफे आणि संगणक प्रयोगशाळा यांची एक निराळीच अडचण आहे. तेथे पुष्कळदा असा प्रोग्रॅम बसवलेला असतो की, संगणक बंद करून चालू केला की तो जसाच्या तसा जुन्या स्थितीला येतो. मुलांनी केलेली घाण पुसली जावी म्हणून ही सोय. परंतु तिच्याबरोबर आज आलेली दुरुस्तीही उद्या सकाळी पुसली जाते! चालकाने ते कुलूप काढून, दुरुस्ती बसवून, पुन्हा कुलूप लावले तरच ती टिकते. तेव्हा बाहेर अर्ज भरायला बसण्यापूर्वी ‘क्रोमविषयी’ हे पान उघडून पाहावे. आवृत्ती फार जुनी दिसली तर सरळ उठून दुसरीकडे जावे. त्यात संकोच करण्याचे कारण नाही.

मोबाइलवर ब्राउझरची दुरुस्ती प्ले स्टोअरमधून येते. पुष्कळ फोनमध्ये ती फक्त वाय-फायवर आपोआप व्हावी, अशी मांडणी असते. घरी वाय-फाय नाही अशा विद्यार्थ्याच्या फोनला म्हणून दुरुस्ती कधी मिळतच नाही. त्यांनी विहाराच्या वाय-फायवर येऊन क्रोम आणि त्याबरोबर ‘अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू’ हे दोन्ही अद्ययावत करून घ्यावेत. इतर अ‍ॅपच्या पोटात जी संकेतस्थळे उघडतात, ती बहुधा या दुसऱ्याच्या जिवावर उघडतात.

आणि या साऱ्यात एक फसवणूक आहे, तिच्याविषयी सावध करणे आवश्यक आहे. एखादे पान उघडले की मोठ्या अक्षरांत सूचना झळकते : तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, येथे दाबा. दाबले की जे उतरते ते चोराचे सामान असते. सॉकघोलिश या नावाने ओळखला जाणारा प्रकार याच युक्तीवर कित्येक वर्षे चालला. कोणी सांगितले एवढ्यावरून विश्वास ठेवू नये, स्वतः तपासून पाहावे, हा कालामांना दिलेला उपदेश येथे अक्षरशः लागू पडतो. दुरुस्ती ब्राउझरच्या मेनूतून किंवा प्ले स्टोअरमधूनच घ्यावी. संकेतस्थळाने, व्हॉट्सअ‍ॅपवरील निरोपाने किंवा फोनवरील गोड आवाजाने दिलेली दुरुस्ती घेऊच नये. खरी सूचना पाहायची असेल तर केंद्र सरकारची सर्ट-इन ही संस्था २००४ पासून हे काम करते. क्रोम आणि फायरफॉक्सच्या दोषांविषयी तिची टिपणे निघत असतात. हेही सांगून ठेवतो की, ब्राउझर कितीही अद्ययावत असला तरी आपणच ओटीपी दुसऱ्याला सांगितला तर त्याचा काही उपाय चालत नाही. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करावा.

सर्वांत कठीण प्रश्न जुन्या यंत्रांचा आहे. विंडोज ७ चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी काढून घेतला. क्रोमची १०९ वी आवृत्ती ही त्या विंडोजवर चालणारी शेवटची. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० व्या आवृत्तीने तिला सोडून दिले. मोझिलाने फायरफॉक्सची ११५ वी आवृत्ती जुन्या विंडोजसाठी मुदतीमागून मुदत वाढवून चालवली, हा त्यांचा मोठेपणा. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे यंत्र ठणठणीत चालते, पण त्याला ठिगळ देणारा कोणी नाही. अशा घरातल्या मुलाला ‘ब्राउझर अद्ययावत ठेव’ असा उपदेश करणे सोपे आहे. तो ‘क्रोमविषयी’ हे पान उघडतो आणि त्याला उत्तर मिळते की या संगणकाला यापुढे दुरुस्ती मिळणार नाही. यात त्याचा दोष काय?

आपल्या संस्थांना कंपन्यांकडून, बँकांकडून वापरलेले संगणक दान मिळतात. दात्यांचा हेतू शुद्ध असतो, त्यांचे आम्ही आभारीच आहोत. तरीही आमचे स्पष्ट मत आहे की, स्वीकारण्यापूर्वी त्यावर कोणती विंडोज चालते आणि ती किती काळ दुरुस्त होत राहील, हे दोन प्रश्न विचारले पाहिजेत. ज्यावर नवी विंडोज बसत नाही त्या संगणकावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट बसवता येते. ती विनामूल्य आहे, तिच्यात मराठी टंकलेखन होते, आणि तिच्यावर फायरफॉक्स नियमित दुरुस्तीसह चालतो. सुरुवातीला दोन दिवस मुले चाचपडतील, नंतर सरावतील.

बौद्ध विचारात अप्पमादाला, म्हणजे गाफील न राहण्याला, फार वरचे स्थान आहे. ते ध्यानात ठेवून आम्ही समितीपुढे एक छोटी सूचना मांडली होती आणि समितीने ती मान्य केली आहे. अभ्यासिकेतील प्रत्येक संगणकासाठी एक पान, अशी नोंदवही केली आहे. दर सोमवारी दोन विद्यार्थी आळीपाळीने प्रत्येक संगणकाचा ब्राउझर तपासतील, बंद करून पुन्हा उघडतील आणि आवृत्तीचा क्रमांक, तारीख व सही लिहितील. ज्या यंत्राला दुरुस्ती मिळेनाशी झाली, त्यावर ‘येथे अर्ज भरू नये, फक्त टंकलेखनासाठी’ अशी चिठ्ठी लागेल, आणि त्याची नोंद पुढच्या मासिक सभेत येईल. नोंदवही ग्रंथपालांच्या टेबलावर आहे. पहिल्या महिन्याच्या चारही सोमवारांसाठी नावे हवी आहेत. कार्यक्रम संपल्यावर खीरदान आहे, त्याआधी ती लिहून द्यावीत.

जयभीम! नमो बुद्धाय!